वासाचं काही लावायचं नाही

दिवस तान्ह्या पोळ्याचा, बुधवार, दुपारची वेळ. जागा: दारव्ह्यातल्या घराच्या जिन्याच्या खालच्या पायऱ्या. हजर: घरमालक चाचा, त्यांची बायको चाची, आणि वरच्या खोलीतली भाडेकरू, म्हणजे मी. अधूनमधून हजर: लाकडी बैल ओढत बोजारा, म्हणजे सणाचे पैसे-खाऊ, मागायला येणारी गल्लीतली पोरं. विषय एकच: नव्या क्रीमच्या डबीवर काय लिहायचं. निर्णय: झाला नाही.

पंचायत समितीत सभांची टिपणं काढण्यात माझी सगळी नोकरी सरली. जिच्यात एकच विषय होता आणि तोही सुटला नाही, अशी सभा मला दुसरी आठवत नाही. पण चाचांबरोबर कुठलीच गोष्ट सरळ शेवटाला जात नसे. त्या दुपारीसुद्धा प्रत्येक पोराच्या लाकडी बैलाच्या कानाला अत्तर लावल्याशिवाय ते पुढच्या शब्दाकडे वळत नव्हते. "बैलाले बी सण हाय ना, बाई," असं वर मलाच सांगत होते.

चाचांचं अत्तराचं दुकान बाजाराच्या गल्लीत, दुकानामागे घर, घरावर माझी खोली. मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्यापासून हातभर लांब उभे राहून त्यांनी हवा हुंगली.

"बाई, तुमाले काहीच खुशबू नाही."

मी सांगितलं, माझी कातडी लहानपणापासून हळवी आहे. सुगंधी साबण, पावडर, तेल काही चालत नाही, लगेच चट्टे उठतात.

"हळवी नाही, अडानी हाय," चाचा म्हणाले. "तिले आदत नाही. रोज थोडं थोडं लावा, शिकते."

खोली स्वस्त होती, कचेरी जवळ होती, नळाला पाणी होतं. मी होकार दिला. त्या होकारावर पुढे मी अनेकदा विचार केला.

त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. वास राहत. मी कचेरीतून आले की निरोप मिळे, "तुमच्याकडे थे आलते." कोण ते? "थे, कापराचे." कापराचे म्हणजे माझे मामा. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे "हिंगाच्या बाई". आमचे साहेब एकदाच दुकानावरून गेले आणि कायमचे "ओल्या पोत्याचे सायेब" झाले. माझ्या तोंडून ते कधी कचेरीत निघेल या धास्तीत मी कित्येक वर्षं काढली.

आणि कोरडी वस्तू त्यांना बघवत नसे. मी दिवाळीला घरी जाऊन आले तर कपाटात साड्यांच्या घड्यांतून अत्तराचे फाये निघाले, म्हणजे अत्तरात भिजवलेले कापसाचे बोळे. माझ्या गळ्याला आणि दंडांना लाल पट्टे उठले. मी दारावर कागद लावला: माझ्या खोलीत येऊ नये, कपड्यांना हात लावू नये, अत्तर कुठेही ठेवू नये. संध्याकाळी पाहिलं तर कागदाला मोगऱ्याचा वास येत होता.

"कागद लयच सुका दिसू राह्यला होता," चाचा म्हणाले.

"चाचा, त्यावर लिहिलंय काय ते तरी वाचलंत का?"

"वाचलं ना. खोलीत येऊ नये. मी भायेरूनच लावलं."

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. गावात कापसाचं नाव निघालं की बोलणं थांबे. बाजार समितीच्या बाहेर गाड्यांची रांग लागे आणि भाव ऐकून माणसं जागच्या जागी बसून राहत. चाचा त्या रांगेतून कुपी घेऊन फिरत. ज्याच्या त्याच्या गाडीतलाच चिमूटभर कापूस काढायचा, त्याला अत्तर लावायचं आणि मालकाच्याच कानात खोवायचा. "घे लेका, तुह्या कापसाले मायाकडून येवढाच मान." काही हसत. एकाने फाया उपसून त्यांच्या तोंडावर फेकला. चाचांनी तो खालून उचलला, झटकला आणि स्वतःच्या दुसऱ्या कानात घातला. त्यानंतर ते दोन्ही कानांत फाये घालून हिंडू लागले आणि मला प्रत्येक गोष्ट ओरडून सांगावी लागू लागली.

लग्नं साधी होऊ लागली तसं अत्तर खपेना. खपायची ती एक थंडीची क्रीम. मेण, तिळाचं तेल, गुलाबपाणी, आणि वरून चाचांचा हात सैल सुटेल तितकं गुलाबाचं आणि मोगऱ्याचं अत्तर. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत चाचीचे गाल फुटले तेव्हा त्यांनी ती तिच्यासाठी केली होती. पुढे कापूस वेचायला जाणाऱ्या बायका नेऊ लागल्या. वाऱ्यानं त्यांचे चेहरे तडकत, बोंडांच्या टोकांनी बोटं फाटत. बाई दुकानाशी आली की चाचा मागचा पडदा सारत आणि आत भाजी निवडत बसलेल्या चाचीकडे बोट करत. "हे तोंड पाहा. इतक्या वर्साचं हाय. सुरकुती दाखवा."

"मी तुमची बायको हाय का दुकानाची पाटी?" चाची आतून म्हणे. पण तोंड दाखवी.

ते तोंड एका थंडीत बिघडलं. आधी पापण्या सुजल्या, मग गाल लाल झाले, कानामागे चिरा पडून पाणी येऊ लागलं. गल्लीनं आपापली कारणं काढली. फवारणीचं औषध उडालं असेल, असं बहुतेकांचं मत. त्या दिवसांत कोणाच्या अंगावर काहीही उठलं की फवारणीचंच नाव निघे. चाचीनं जन्मात शेतात पाय ठेवला नव्हता, तरी निघालं. कोणी वांग म्हणालं, कोणी नजर. चाचांनी काय केलं? क्रीम दुप्पट लावायला घेतली.

"चाचा, क्रीमनंच होत असेल," मी म्हटलं. "मला होतं तसं."

"तुमची गोष्ट येगळी. हिची कातडी शिकेल हाय. इतके वर्स लावू राह्यली, आताच काहून होईन? अन् गुलाबात काय जहर असते? बागेतल्या माळ्याले होते काय कधी?"

माळ्यालाही होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी एवढंच म्हटलं की यवतमाळला त्वचेच्या डॉक्टरीणबाई बसतात, त्यांना दाखवा. हे मी रोज म्हटलं. कचेरीत जाताना एकदा, येताना एकदा. शेवटी माझ्या बोलण्याला कंटाळून ते चाचीला घेऊन जीपनं गेले. मला रजा नव्हती. परत आल्यावर चाचांनी जिन्याखालूनच हाक दिली, "बाई, डॉक्टरीनबाईनं वास बंद केला! वासाचं काही लावाचं नाही म्हने. साबन नाही, तेल नाही, क्रीम बी नाही. फकस्त मलम."

मला इतका आनंद झाला की रोजच्या कामांच्या माझ्या यादीत नसलेलं हे काम मी आधी लिहिलं आणि मग झालं म्हणून खोडलं.

दुसऱ्या दिवसापासून चाचांनी घर साफ करायला काढलं. फिनाईलची बाटली गेली. रॉकेलचा डबा गेला. चाचीचा कडुनिंबाचा साबण गेला, लसणाची माळ गेली, हिंगाची डबी शेजारी देऊन टाकली. मग ते वर आले आणि माझ्या लोणच्याच्या बरणीकडे बघत उभे राहिले.

"हे बी काढा. खालवर येते."

लोणच्याचा आणि चाचीच्या पापण्यांचा काय संबंध, हे मला कळेना. पण माणूस आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरचं ऐकतो आहे, तर अडवायचं कशाला? मी बरणी मामांकडे पाठवली. घरात अत्तर दरवळतच होतं, पण दुकान पुढेच असल्यानं ते नेहमीच दरवळे. माझ्या नाकानं त्याची दखल घेणं कधीच सोडलं होतं.

चाचीचा चेहरा मात्र वाईटच होत गेला. डोळे सकाळी उघडत नसत. गल्लीतल्या बायका तिच्याकडचा चहा नको म्हणू लागल्या. कोणीतरी हळूच महारोगाचं नाव घेतलं आणि ते तिच्या कानावर गेलं. तिनं पुढे येणं सोडलं, ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून ती मागच्या खोलीत बसून राही. तिच्या हातात एक लाल ओढणी असे, तिच्यावर ती टिकल्या टाकत असे. बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी. ही मुलगी शाळेपासून चाचीकडेच वाढलेली, आता फुलसावंगीला आईकडे होती, आणि लग्न तिकडेच ठरलं होतं. एक दिवस बहिणीचा निरोप आला: आपा, तुमी आराम करा. पाहुन्याइच्या मंधात लोकं इचारतीन.

चाचीनं तो निरोप मला सांगितला तेव्हा सुई थांबवली नाही. "पोरगी मी वाढवली," ती म्हणाली, "अन् तोंड दाखवाले मलेच बंदी. ओढनी पाठवून देईन म्हन्ते. ओढनीले तं तोंड नसते."

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि तिघं यवतमाळला निघालो. जीपमध्ये चाचांनी शेजारच्या दोघांच्या मनगटांना अत्तर लावलं. मी खिडकीबाहेर तोंड काढून बसले.

डॉक्टरीणबाईंनी चाचीचा चेहरा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मलम लावताय ना रोज? बघू डबी."

चाचांनी डबी पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं, डबी नाकाशी नेली, आणि आमच्याकडे बघत राहिल्या.

"हा मोगरा कुठून आला?"

"मी घातला," चाचा खुशीत म्हणाले. "गुलाब बी हाय थोडा."

"मी वासाचं काही लावायचं नाही म्हणाले होते!"

"हाव ना. म्हूनच तं! तुमच्या मलमाले बास येत होती, रॉकेलवानी. तुमीच बास बंद केली, अन् तुमच्याच मलमाले बास. मी म्हटलं, घाईगडबडीत राहून गेलं असन बाईचं. मी दाबून टाकली. घरातली बी सारी काढली. लसून काढला, हिंग काढलं, या बाईचं लोनचं काढलं."

मला लोणच्याचा उलगडा झाला. चाचांच्या घरी बोलतात त्या भाषेत बास म्हणजे दुर्गंध, आणि मराठी वास त्यांच्या कानाला बासच. फिनाईलला बास, गटाराला बास, रॉकेलला बास. गुलाबाला बास म्हणणं म्हणजे गुलाबाला शिवी. डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या, त्यांच्या तोंडात वास हा एकच शब्द, फुलालाही तोच आणि गटारालाही तोच. त्यांनी सांगितलेलं चाचांनी अक्षरशः पाळलं होतं. घरातून सगळी दुर्गंधी हाकलून आजारी चेहऱ्यावर रोज दोन वेळा मोगरा आणि गुलाब चोळला होता.

डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढलं आणि या वेळी सावकाश सांगितलं. खुशबू, चाचा. खुशबूच बंद. फुलाची असो, कारखान्याची असो. वर्षानुवर्षं चाललेली वस्तूसुद्धा एखाद्या दिवशी कातडी नाकारते, आणि एकदा नाकारली की थोडीशीही चालत नाही. नुसती क्रीम बंद करून भागणार नाही. उशीला लागलेलं, टॉवेलला लागलेलं, तुमच्या हातांवरचं, दाढीतलं, सगळं तिच्या पापण्यांना पोचतं.

"माह्या हातावरचं?" चाचांनी विचारलं.

"हो."

"इतक्या वर्साचं?"

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. त्यांनी नवं मलम लिहून दिलं.

परतीच्या जीपमध्ये चाचांनी कोणाच्या मनगटाला हात लावला नाही. बसल्या बसल्या दोन्ही कानांतले फाये काढले आणि मुठीत धरले. दारव्हा येईपर्यंत मूठ उघडली नाही.

एखाद्या शहाण्या माणसानं यातून बेताचा धडा घेतला असता. चाचांनी घरात जाणंच बंद केलं. दुकानात बसलेला माणूस अत्तरानं भरलेला, तो आत कसा जाणार? ते ओट्यावर जेवू लागले, ओट्यावर झोपू लागले. गल्लीत चर्चा सुरू झाली की चाचीनं नवऱ्याला घराबाहेर काढलं. मी सांगितलं, दुकानाचे कपडे वेगळे ठेवा, साध्या साबणानं आंघोळ करा, मग जा आत. त्यांनी ते मानलं, पण आंघोळीनंतर खात्री कोण करणार? त्यांच्या स्वतःच्या नाकावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. मग रोज मी कचेरीतून दमून येई आणि जिन्याखाली चाचा ओल्या केसांनी उभे.

"बाई, हुंगा मले."

मी नोकरदार बाई, भर गल्लीत एका दाढीवाल्या गृहस्थाला हुंगते आहे, हे दृश्य बघायला समोरचा शिंपी मशीन थांबवत असे. मी लांबूनच नाक पुढे करून "ठीक आहे, जा" म्हणे. एकदा घाईत नुसतंच "जा" म्हटलं तर ते परत आले. "हुंगलं नाही तुमी." आतून चाचीचं हसणं ऐकू आलं. बऱ्याच दिवसांनी ऐकलं होतं. हसताना आता तिच्या गालांना चिरा पडत नव्हत्या.

चेहरा निवळायला बरेच आठवडे गेले, पण लग्नापर्यंत निवळला. बहिणीचा दुसरा निरोप आला नाही. चाची म्हणाली, "तोंड मायं हाय. पोरगी माही हाय. कोनाले इचाराचं?" आणि लाल ओढणीची घडी घालून तयार झाली. मलाही नेलं, कारण चाचांना हुंगणारं कोणीतरी लागणार होतं.

फुलसावंगीला मांडवाच्या दारात रीत अशी की येणाऱ्याच्या मनगटाला अत्तर लावायचं आणि अंगावर गुलाबपाणी शिंपडायचं. त्या खानदानातल्या प्रत्येक लग्नात हे काम चाचांचं. सगळे त्यांचीच वाट बघत होते. नवऱ्याकडचे एक वजनदार मामू तोवर गुलाबदाणी घेऊन उभे होते. त्यांनी चाचीला पाहून अदबीनं हात उचलला, आणि चाचांनी झडप घालून गुलाबदाणी हिसकली.

"माह्या बायकोवर उडवाचं नाही!"

"अहो, इज्जत करू राह्यलो आमी," मामू भडकले. "अत्तरवाले तुमी, अन् तुमीच नाही म्हन्ता?"

"हाव. मीच म्हन्तो."

नवऱ्याकडची माणसं उठून उभी राहिली. माझ्या मनात परतीच्या जीपची वेळ येऊन गेली. तेवढ्यात चाचीनं तोंडावरची ओढणी मागे सारली आणि सगळ्यांना दिसेल असं तोंड वर केलं.

"भाईसाब," ती मामूंना म्हणाली, "मले याची बाधा होते. माह्यावर नका उडवू, बाकी साऱ्यायवर उडवा. यायच्यावर तं जास्तच उडवा, लय दिवसाचे कोरडे हाय." मग चाचांच्या हातातली गुलाबदाणी काढून तिनं मामूंना दिली आणि स्वतः लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

लोक हसले. बहिणीनं खाली मान घातली. नवरीला कोणीतरी ही हकीकत आत सांगितली असावी, कारण थोड्या वेळानं ती उठून थेट त्या कोपऱ्यात आली. चाचा वाटेत आडवे. त्यांनी भरल्या मांडवात वाकून नवरीला हुंगलं. तिनं अंगाला काहीच लावलं नव्हतं. चाचा बाजूला झाले आणि ती चाचीच्या गळ्यात पडली. लाल ओढणी तिच्या डोक्यावर चाचीनंच घातली.

पुढच्या थंडीसाठी चाचांनी मेण, तिळाचं तेल आणि साधं पाणी एवढ्याचीच क्रीम केली. मधे एकदा "थोडासा, नावापुरता" मोगरा घालण्याची परवानगी माझ्याकडे मागितली. नकार मिळाल्यावर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. चाचीनं ती आधी बरेच दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिली. काही उठलं नाही.

आणि मग तान्ह्या पोळ्याची ती सभा. आता डबीवर लिहायचं काय? मी म्हटलं, बिनवासाची क्रीम. चाचा उखडले. "म्हंजे आंधीची बास मारत होती असं लोक समजतीन." बरं, बिनखुशबूची. "बिनखुशबूची कोन घेईन? मी तरी घेईन काय?" साधी क्रीम? "साधी म्हंजे गरिबाची." चाची म्हणाली, काहीच लिहू नका. "मंग माह्या दुकानात अन् किराण्यात फरक काय?" चाची लांब दाराशी बसली होती, म्हणून बैलांच्या कानांना अत्तर लागत राहिलं, पोरं बोजारा घेऊन जात राहिली. शेवटी चाचांनी कोऱ्या लेबलांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला.

"तुमी कचेरीत दिवसभर लिहिता. असा शब्द आना का ज्यात खुशबू नाही, पन तिची बेइज्जती बी नाही."

मी एका आठवड्याची मुदत मागितली होती.

त्यानंतर माझी कळंबला बदली झाली. चाचा गेले. क्रीम लेबलाविनाच विकली जात होती, अजून जाते. बायका "चाचीवाली" म्हणून मागतात आणि अत्तराच्या कुप्या उचललेल्या दुकानात आता चाची बसते. दर थंडीच्या तोंडाला तिचा फोन येतो. परवाही आला.

"बाई, शब्द भेटला काय?"

"शोधून राह्यली," मी म्हटलं.

फोन ठेवून मी खणातून तो गठ्ठा काढला. पुडकं इतक्या वर्षांत मी उघडलंच नव्हतं. दोरा सोडला आणि मोगरा आला. लेबलं सुकी दिसली असणार चाचांना. म्हणजे शब्द सापडला तरी ही त्या डबीला चिकटवता येणार नाहीत, नवी कापून घ्यावी लागतील. यादीत मी ते दुसरं काम लिहिलं आहे. पहिलं अजून वरच आहे.